टास्क मॅनेजर लगेच उघडून न दिल्याबद्दल, ताई, तुमचे आभार

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले तर ‘अहो, त्यात काय एवढं’ म्हणून तुम्ही विषय संपवलात. त्यात बरंच काही होतं, आणि ते सविस्तर लिहावं असं तेव्हापासून मनात आहे. पत्र उघड लिहितेय ते एवढ्यासाठी, की ज्यांच्या कॉम्प्युटरवर आज माझ्यासारखंच मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्राम, शिरलं असेल त्यांनाही तुमची कामाची पद्धत कळावी. नाव घालू नका म्हणालात, म्हणून नुसतं ‘ताई’.

मी पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मांडणी करते. अर्ध्यावर आलेलं एक पुस्तक, लेखिकेच्या दुरुस्त्या, आकृत्या, सगळं त्या एका मशीनवर होतं. मशीन फारच संथ चाललंय म्हणून, कुठले प्रोग्राम चालू आहेत ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडायला गेले, तर समोर चौकट आली: टास्क मॅनेजर तुमच्या ॲडमिनिस्ट्रेटरने बंद केला आहे. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंगची नोंदवही, उघडणाऱ्या रजिस्ट्री एडिटरचंही तेच. हुकूम टाइप करायच्या कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडायची, तेच वाक्य दाखवायची आणि कुठलंही बटण दाबलं की मिटायची. अँटिव्हायरसचं चिन्ह खालच्या पट्टीतून गेलेलं. त्या कंपनीची साइट उघडेना, बाकीच्या साइट मात्र व्यवस्थित उघडत होत्या. मशीनवर ॲडमिनिस्ट्रेटर एकटी मीच. माझ्याच नावाने मला कुणीतरी बाहेर ठेवलं होतं, आणि नेमकं काय चाललंय ते बघायची सगळी साधनं त्यानेच बंद केली होती. त्या वेळी किती धास्तावले होते ते तुम्ही पाहिलंत.

तुम्ही आल्या आल्या विचारलंत, ‘हे मशीन आधी कुठल्या ऑफिसचं होतं का? तिथल्या आयटीवाल्यांच्या ताब्यात अजून आहे का?’ मला प्रश्नाचा रोख कळला नाही. मग तुम्ही सांगितलंत की ही बंदी घालायची सोय मुळात विंडोजचीच आहे. शाळेच्या लॅबमध्ये, ऑफिसात, कुणी सेटिंग बिघडवू नयेत म्हणून ॲडमिन हे नियम, म्हणजे पॉलिसी, लावतात. रजिस्ट्रीत ‘पॉलिसीज’ नावाच्या भागात ‘डिसेबल टास्क एमजीआर’ नावाची एक नोंद असते, तिची किंमत 1 केली की झालं. मालवेअर नवीन काही करत नाही, तीच नोंद करतं. म्हणून नुसता तो संदेश दिसला म्हणजे व्हायरसच असं नाही. ‘ऑफिसचं मशीन असतं तर मी हात लावला नसता, त्यांनाच विचारा म्हटलं असतं,’ असं तुम्ही स्पष्ट सांगितलंत. दुरुस्तीला बसण्याआधी हा प्रश्न विचारणारं माणूस मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

मग तुम्ही नेटची केबल काढलीत, वायफाय बंद केलंत, आणि काय काय बंद आहे आणि काय चालतंय त्याची कागदावर नोंद केलीत. पॉवरशेल, म्हणजे हुकूम टाइप करायची विंडोजचीच दुसरी खिडकी, चालू होतं. ते पाहून तुमचा चेहरा खुलला, तो मला आठवतोय. रजिस्ट्री एडिटरवरची बंदी पॉवरशेलला लागू होत नाही, म्हणून तुम्ही तिथून ती नोंद 0 केलीत आणि टास्क मॅनेजर उघडला! मला वाटलं, सुटलो. पण बघता बघता तो आपोआप मिटला. तुम्ही नोंद पुन्हा वाचून दाखवलीत: परत 1. ‘कुलूप काढून उपयोग नाही,’ तुम्ही म्हणालात, ‘दारात पहारेकरी बसलाय, तो लगेच नवीन लावतो. आधी त्याला शोधू.’

ताई, माझं सगळ्यात मोठं देणं त्या एका वाक्याचं आहे. मला टास्क मॅनेजर हवा होता. तो चालू करून देणारी छोटी-छोटी मोफत टूल्स नेटवर ढिगाने मिळतात आणि त्यांतलंच एखादं चालवून तुम्ही अर्ध्या तासात मोकळ्या झाला असतात. संदेश गेला असता, मी खूश झाले असते, आणि आत बसलेलं तसंच राहिलं असतं. असली अनोळखी टूल्स आजारी मशीनवर उतरवायची नाहीत, हेही तुम्ही तेव्हाच बजावलंत.

पहारेकरी शोधायला तुम्ही तुमच्या स्वच्छ मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून उतरवलेली दोन साधनं आणली होती, चालू प्रोग्राम दाखवणारं प्रोसेस एक्सप्लोरर आणि आपोआप सुरू होणाऱ्यांची यादी देणारं ऑटोरन्स. पेनड्राइव्हही असा, की बाजूची खिट्टी सरकवली की त्यावर काही लिहिताच येत नाही. ही साधनं सिसइंटर्नल्सची. मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांनी 1996 साली सुरू केलेलं हे काम 2006 मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्याकडे घेतलं, हे तुम्ही सांगितल्यावर कळलं. इतकी वर्षं ही साधनं फुकट मिळतायत आणि मला त्यांचा पत्ता नव्हता.

प्रोसेस एक्सप्लोरर डेस्कटॉपवर कॉपी करून क्लिक केलं, काहीच झालं नाही. तुम्ही फाइलचं नाव बदलून भलतंच काहीतरी ठेवलंत, पुन्हा क्लिक केलंत, आणि ते उघडलं! मला ती जादू वाटली. तुम्ही लगेच कारण सांगितलंत. रजिस्ट्रीत ‘इमेज फाइल एक्झिक्युशन ऑप्शन्स’ नावाची जागा आहे. अमुक नावाचा प्रोग्राम सुरू झाला की त्याच्याऐवजी आधी तमुक डीबगर (चुका शोधायचा प्रोग्राम) चालवायचा, असं तिथे लिहून ठेवता येतं. प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी केलेली सोय. मालवेअरने तिथे प्रोसेस एक्सप्लोररचं आणि बऱ्याच अँटिव्हायरसचं नाव टाकून डीबगर म्हणून निरुपयोगी पत्ता दिला होता. विंडोज फक्त नाव बघतं, त्यामुळे नाव बदललं की सापळा चुकतो.

मग त्यातली चालू प्रोग्रामची यादी आपण दोघींनी मिळून पाहिली. ‘नावाकडे बघू नका, पत्ता बघा,’ तुम्ही म्हणालात. एसव्हीसीहोस्ट नावाच्या विंडोजच्या प्रोसेस (चालू प्रोग्राम) पुष्कळ असतात आणि त्या असायलाच हव्यात, पण खरी फाइल विंडोजच्या सिस्टिम32 फोल्डरमध्ये राहते. एक मात्र माझ्या युजर फोल्डरच्या आतल्या ॲपडेटामधून चालत होती, आणि तिच्या जोडीला तिथूनच चालणारी दुसरी, कुठल्याशा अपडेटरच्या नावाची. दोघींवरही प्रोग्राम बनवणाऱ्याची डिजिटल सही नाही. तुम्ही मुद्दाम एक बंद करून दाखवलीत. दुसरीने ती लगेच उठवली. उलटं करून पाहिलं, तेच. तेव्हा तुम्ही दोन्हींना आधी ‘सस्पेंड’ केलंत, म्हणजे त्या जिवंत पण गोठलेल्या, एकमेकींकडे बघूही शकत नाहीत. मग एकामागून एक संपवल्यात. त्यानंतर ती नोंद 0 केली आणि ती 0 च राहिली. तुम्ही हसलात, मला तर रडू आलं.

आणि तिथेही तुम्ही घाई केली नाहीत. त्या फाइली उडवण्याआधी दोन गोष्टी तपासल्यात. त्या मला कुठल्याच ‘सोप्या उपायां’मध्ये दिसल्या नव्हत्या, म्हणून इथे मुद्दाम लिहिते. पहिली, ईएक्सई, म्हणजे प्रोग्रामची, फाइल उघडताना विंडोज काय चालवतं ती नोंद. काही मालवेअर तिथे स्वतःला मध्ये घालतं. मग मालवेअर काढलं की कुठलाच प्रोग्राम उघडत नाही आणि लोकांना वाटतं मशीनच गेलं. माझ्याकडे ती ठीक होती. दुसरी, लॉगिन सांभाळणाऱ्या विनलॉगऑनखालची ‘युजरइनिट’ ही नोंद. तिथे विंडोजच्या स्वतःच्या युजरइनिटचा पत्ता आणि त्यापुढे स्वल्पविराम एवढंच असतं. माझ्याकडे स्वल्पविरामानंतर ॲपडेटातला तो दुसरा पत्ता जोडलेला होता, म्हणजे मी लॉगिन केलं रे केलं की तो जागा. तुम्ही फक्त तेवढा भाग खोडलात आणि माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलंत की उरलेलं बरोबर आहे ना. ही ओळ बिघडली तर माणूस लॉगिन करतो आणि लगेच आपोआप बाहेर फेकला जातो, म्हणून.

बाकीचं ऑटोरन्समध्ये भराभर झालं. मायक्रोसॉफ्टच्या सह्या असलेल्या नोंदी लपवल्यावर उरलेली यादी छोटीशीच होती. त्यात ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या टास्क शेड्यूलरमध्ये दडलेलं एक काम निघालं. तुम्ही काहीही डिलीट करत नव्हतात, समोरची खूण काढत होतात, कारण चुकून चांगल्याला हात लागला तर खूण परत करता येते. कुठल्या साइटच्या नावाला कुठला पत्ता ते लिहिलेल्या होस्ट्स फाइलमध्ये अँटिव्हायरस कंपन्यांच्या साइटची रांग होती आणि प्रत्येकीपुढे 127.0.0.1, म्हणजे आपलंच मशीन. तीच एक साइट का उघडत नव्हती, त्याचं उत्तर तिथे मिळालं.

मग विंडोज सुरू न करता तपासणी लावली, विंडोजच्याच डिफेंडर या अँटिव्हायरसची ऑफलाइन. ती साधारण पंधरा मिनिटं चालते. विंडोज उठलेलंच नसतं, त्यामुळे विंडोजच्या आधाराने लपणाऱ्याला लपायला जागा उरत नाही. ती चालू असताना तुम्ही जुन्या मालवेअरच्या गोष्टी सांगितल्यात. 2008 च्या शेवटी कॉन्फिकर पसरला तेव्हा तो विंडोज अपडेट बंद पाडायचा आणि सुरक्षेच्या साइट अडवायचा, ज्या छिद्रातून तो शिरायचा ते बुजवणारं अपडेट त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेलं असूनही. ब्रॉन्टॉक फोल्डर ऑप्शन्स गायब करायचा आणि खिडकीच्या शीर्षकात नको ते शब्द दिसले की मशीनच रीस्टार्ट करायचा. सॅलिटी तर सेफ मोडची (विंडोज कमीत कमी गोष्टींसह सुरू करायच्या सोयीची) नोंदच पुसून टाकायचा, म्हणजे परतीची ती वाटही बंद. दर वेळी कुणीतरी असंच रात्र रात्र बसून ती मशीनं सोडवली असतील. तुमच्या बोलण्यात त्याचा कुठे तोरा नव्हता. मला ते ऐकताना फार धीर आला, कारण माझ्यावर कोसळलेलं हे संकट कुणाच्या तरी पूर्ण ओळखीचं होतं.

तपासणीत आणखी काही सापडलं, ते गेलं. सगळी साधनं उघडू लागली. एसएफसी स्कॅननाऊ हा विंडोजचा हुकूम चालवून विंडोजच्या फाइलीही ठीक असल्याची खात्री केलीत. इथे कुणीही हात झटकून उठलं असतं. तुम्ही मात्र खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणालात, ‘आता मशीन बरं दिसतंय. स्वच्छ आहे असं मी म्हणणार नाही. ॲडमिनचे अधिकार ज्याच्या हातात होते त्याने काय काय केलं असेल ते आपण सगळं पाहू शकत नाही. माझं मत विचाराल तर फाइली वाचवा आणि विंडोज नव्याने टाका.’ मी थकले होते, मला ते नको होतं. तुम्ही आग्रह धरला नाहीत, फक्त कारणं सांगितलीत, आणि बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड आत्ताच्या आत्ता फोनवरून बदला, सगळीकडची जुनी लॉगिन बंद करा, एवढं मात्र समोर बसून करायला लावलंत. इतक्या मेहनतीनंतर स्वतःच्याच कामाची हमी न देणं किती अवघड असतं, हे मला माझ्या कामावरून कळतं. शेवटचं प्रूफ वाचून झाल्यावर ‘आता एकही चूक नाही’ म्हणायचा मोह मलाही होतो.

दुसऱ्या दिवशी मी होकार कळवला आणि तुम्ही परत आलात. फक्त मजकुराच्या फाइली, चित्रं आणि पीडीएफ बाहेर काढले. ईएक्सई, स्क्रिप्ट, मॅक्रो (फाइलीच्या आतले छोटे प्रोग्राम) असलेल्या फाइली एकही नाही. फॉन्टचा प्रश्न आला तेव्हा मी हट्ट केला, कारण पुस्तकाची सगळी पानं त्या फॉन्टवर उभी होती, आणि वेगळी आवृत्ती आली तर जोडाक्षरं सरकतात, ओळी तुटतात. तुम्ही तो हट्ट किरकोळ मानला नाहीत. फॉन्टची नावं आणि आवृत्ती क्रमांक एकेक करून लिहून घेतलेत आणि त्याच आवृत्त्या मूळ ठिकाणाहून नव्याने उतरवायला मदत केलीत. पानं जशीच्या तशी बसली.

आता रोजचं काम मी साध्या खात्यावरून करते, ॲडमिनचं खातं वेगळं ठेवलंय. साध्या खात्याला त्या पॉलिसीच्या नोंदी लिहायची परवानगीच नसते, हे तुम्ही सांगितलंत ते पक्कं लक्षात आहे. बॅकअपची डिस्क काम झालं की काढून कपाटात जाते. तुमच्या नोंदींच्या कागदाची मी स्वच्छ प्रत केली आहे. मांडणीचं काम करणाऱ्या एका मैत्रिणीचं मशीन असंच अडलं तेव्हा ती तिला पाठवली आणि सगळ्यात आधी तुमचाच प्रश्न विचारला. तिचं मशीन खरोखरच ऑफिसचं निघालं. तिने त्यांच्या आयटीवाल्यांना फोन केला आणि प्रकरण तिथेच मिटलं.

पुस्तक छापून आलंय. एक प्रत तुमच्यासाठी बाजूला ठेवली आहे. पत्ता पूर्वीचाच आहे ना, तेवढं कळवा, म्हणजे लगेच पाठवते.

तुमची ऋणी,
अक्षरजुळणीवाली