पोलिसांचा वायरलेस कूटबद्ध करा, पण त्याच्या नोंदी टिकवा : गृहमंत्र्यांना खुले पत्र

माननीय गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

मी परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी, रेडिओचालक आहे. पोलिसांचा आणि महत्त्वाच्या व्यक्तींच्या सुरक्षा पथकांचा वायरलेस पूर्णपणे एन्क्रिप्टेड, म्हणजे कूटबद्ध असावा, अशी माझी ठाम भूमिका आहे. ताफा कोणत्या रस्त्याने निघाला हे साध्या ॲनालॉग संचावर बोललं गेलं, तर काही हजारांचा यूएसबी रिसीव्हर असलेला कुणीही ते ऐकू शकतो. असं ऐकणं गुन्हा आहे हे खरं, पण घातपाताला निघालेला माणूस त्या कलमाला भिऊन थांबत नाही.

माझी काळजी वेगळी आहे. एन्क्रिप्शन विकत घेतलं की काम संपलं, असा समज सगळीकडे दिसतो, आणि त्याची किंमत इतरांनी मोजली आहे. युरोपात तयार झालेली आणि अनेक देशांचे पोलीस वापरत असलेली टेट्रा ही रेडिओ प्रणाली पाहा. तिची कूटपद्धती अनेक वर्षं गुप्त ठेवली होती. २०२३ साली नेदरलँड्समधल्या 'मिडनाइट ब्लू' या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ती उकलल्याचं जाहीर केलं, तेव्हा 'टीईए-१' या प्रकारातली ८० बिटांची किल्ली, म्हणजे संदेश उलगडणारा गुप्त अंक, प्रत्यक्षात ३२ बिटांइतकीच भरते, असं उघड झालं. साधा संगणक ती मिनिटभरात शोधतो. हा प्रकार मुख्यतः व्यावसायिक वापरासाठी आणि निर्यातीसाठी होता. युरोपीय पोलिसांसाठी वेगळा, अधिक भक्कम प्रकार राखून ठेवलेला होता. म्हणून विचारतो : आपल्या पोलिसांच्या संचांत नेमकी कोणती कूटपद्धती आहे आणि विक्रेत्याशी संबंध नसलेल्या कुणी ती तपासली आहे का? कूटपद्धतीचं नाव सांगितल्याने सुरक्षा ढळत असेल, तर ती पद्धतच कच्ची आहे.

पद्धत भक्कम असली तरी माणसं चुकतात. २०११ मध्ये संगणक-सुरक्षेचे अभ्यासक मॅट ब्लेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या केंद्रीय यंत्रणांच्या पी-२५ या प्रकारच्या डिजिटल वायरलेस संचांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका महानगरात दिवसाला सरासरी वीस मिनिटांहून जास्त संवेदनशील बोलणं उघड्यावर जात होतं. कधी किल्ली बदललेली नसायची, कधी बटण चुकीच्या बाजूला असायचं आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ताच नसायचा. रात्रभर बंदोबस्ताला उभ्या असलेल्या शिपायाकडून अशा चुका होणारच. त्याला दोष देण्याआधी संच सोपा हवा, सराव हवा, आणि हरवलेला संच तासाभरात निकामी करण्याची सोय हवी.

आपल्याच यंत्रणांना एकमेकांचं ऐकू न येण्याचा धोकाही आहे. १३ जुलै २०२४ रोजी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या बटलरमध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या सभेत गोळीबार झाला. तिथे त्यांचं रक्षण करणारी केंद्रीय यंत्रणा सीक्रेट सर्व्हिस आणि स्थानिक पोलीस वेगवेगळ्या रेडिओंवर बोलत होते, नियंत्रण कक्षही दोन होते. स्थानिक पोलिसांनी सीक्रेट सर्व्हिससाठी बाजूला काढून ठेवलेले संच कुणी घेतलेच नाहीत. छतावरच्या माणसाकडे बंदूक असल्याचा इशारा गोळीबाराच्या २२ सेकंद आधी स्थानिक रेडिओवर गेला, पण ट्रम्प यांचं रक्षण करणाऱ्यांपर्यंत तो पोहोचला नाही. सभेला आलेल्यांपैकी एक जण मरण पावला. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या २०२७ च्या सिंहस्थात आपले पोलीस, राज्य राखीव दल, होमगार्ड, रेल्वे सुरक्षा बल, एनडीआरएफ आणि पाहुण्यांचे अंगरक्षक एकाच गर्दीत असतील. प्रत्येकाची किल्ली वेगळी आणि सामायिक चॅनेल नाही, असं झालं तर ते एकमेकांनाच ऐकू शकणार नाहीत. २००३ च्या नाशिकच्या चेंगराचेंगरीत ३९ जीव गेले, हे आपण जाणताच.

आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहिलं, ते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर रंगभवनच्या गल्लीत मारले गेले. करकरे यांनी वायरलेसवरून कामा रुग्णालयाजवळ कुमक मागितली होती. ती नोंद विनिता कामटे यांना माहितीच्या अधिकाराचा वापर करून, झगडून मिळवावी लागली. शहीद अधिकाऱ्याच्या पत्नीला इतका त्रास व्हावा, याचं दुःख मला आजही वाटतं. ती नोंद होती म्हणूनच त्या रात्रीबद्दल प्रश्न विचारता आले.

कूटबद्ध संवाद हवेत उघडा नसतो. नियंत्रण कक्षात मात्र तो उलगडतो आणि रेकॉर्ड होऊ शकतो. पुढे गुप्ततेचं कारण देऊन ही रेकॉर्डिंगं पुसली गेली किंवा नाकारली गेली, तर बाहेर दुसरा पुरावा उरणार नाही. सुरक्षेला बाधा येते तोवर ती गोपनीय राहोत, पण मृत्यू, गोळीबार किंवा चेंगराचेंगरी झाली की ती आपोआप जतन व्हावीत, पोलीस खात्याबाहेरच्या न्यायिक अधिकाऱ्याच्या ताब्यात जावीत आणि ठरलेल्या मुदतीनंतर कुटुंबीयांना मिळावीत. असा नियम आजच्या घडीला लेखी असेल तर तो प्रसिद्ध करावा. नसेल तर त्याचा मसुदा सिंहस्थाआधी लोकांसमोर आणावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक हॅम रेडिओचालक, पुणे