शनिवारच्या आत लिही

प्रिय विन्या,

आठ महिन्यांत एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल काय बोलायचं ते भेटल्यावर बोल. तब्येत बरी. गुडघा होता तसाच.

मी तेच केलंय, जे तू माझ्या अलार्मच्या वेळी केलं होतंस. म्हणून तुलाच लिहितोय.

आमच्या पोरांची सौरगाडी अखेर शर्यतीत उतरली. सनरेसर नावाच्या सौरगाडीचं ते कात्रण आठवतंय ना? १९८७, ऑस्ट्रेलियातली शर्यत, डार्विन ते ॲडलेड, तीन हजार किलोमीटर, सरासरी ताशी ६७! तू म्हणायचास करामत हवा कापणाऱ्या आकाराची, मी म्हणायचो कमी वजनाची, आणि त्यावरून आपण चार दिवस अबोला धरला होता. त्या गाडीपुरतं तुझं खरं, घे. पण ताशी तीस-पस्तीसला हवेपेक्षा चाकांचा विरोध, म्हणजे वजनच, जास्त वीज खातं, तेव्हा शाळकरी गाडीत मीच जिंकलो. भर दुपारी चौरस मीटरवर हजारेक वॉट ऊन पडतं, त्यातला पाचवा हिस्सा पॅनेलच्या हाती लागतो. पाच चौरस मीटरची मिळून एका इस्त्रीपुरती वीज, आणि त्यावर ड्रायव्हरसकट साडेतीनशे किलो पळवायचे. पोरांनी पळवले रे!

टेक्सासमध्ये शाळकरी मुलं ट्रॅकवर फेऱ्या मोजत सौरगाड्या पळवतात, तशीच आमची शर्यत. सगळ्या दिवसांच्या फेऱ्या एकत्र मोजायच्या. आणि गाडीला हात लावायचा तो मुलांनीच. सरांनी हात खिशात ठेवून उभं राहायचं. दीड वर्ष मी ते पाळलं. एक चाक उलटं बसवलेलं दिसत होतं तेव्हासुद्धा गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीज एकदम निम्म्यावर आली. पॅनेल तापलं की थोडी उतरतेच, अंशाला शेकडा ०.४ च्या आसपास, पण निम्मी नाही. संध्याकाळी मोजलं तर पॅनेलच्या दोन्ही माळा, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या ओळी, ठणठणीत. सईने मग झेंड्याची काठी पकडली. दुपारनंतर तिची बोटभर सावली एका पॅनेलवर पडत होती, आणि माळेतला एक सेल झाकला तरी सगळी माळ मंदावते. डोकं चालवलंन पोरीनं! काठी काढली आणि सगळे झोपायला गेले.

मला झोप येईना. बॅटरी रात्री आयोजकांच्या ताब्यात असते, पण गाडी तिथेच होती. टॉर्च घेऊन मी नुसता बघायला गेलो. डाव्या माळेच्या कनेक्टरचं प्लास्टिक एका बाजूने पिवळट पडून फुगलं होतं. हलकेच ओढलं तर तार हातात आली. क्रिम्प, म्हणजे तारेवर दाबून बसवायचा धातूचा तुकडा, नीट दाबलेलाच नव्हता. तापला की सुटायचा, गार झाला की पुन्हा टेकायचा, म्हणून संध्याकाळी काही सापडलं नाही. मुलांना उठवायचं होतं. पण पेटीत नवीन कनेक्टर होता, क्रिम्प दाबायची खास पक्कड होती, आणि पाच मिनिटांचं काम होतं. करून टाकलं. विन्या, तार आत सरकून टिच्चकन बसली तेव्हा मला आनंद झाला, तोच जास्त खुपतोय.

तिसऱ्या दिवशी गाडी एकदाही अडली नाही. पोरं काठीभोवती नाचली. सईने लॉगबुकात लिहिलं: 'कारण – सावली. उपाय – काठी काढली.' खाली दोन रेघा. हे लॉगबुक शनिवारी पुढच्या तुकडीच्या हातात जाणार.

सांगावं तर पंचाईत अशी की तो क्रिम्प ओंकारचा. नववीतला, सगळ्यांत धाकटा. साध्या पकडीने दाबला असणार. जोडणी पूर्ण झाल्याचं आईला फोन करून सांगत होता, तेव्हा मी शेजारीच उभा होतो. न सांगावं तर पुढच्या वर्षी तो तसाच दाबणार, आणि तेव्हा नुसतं प्लास्टिक फुगून भागेलच असं नाही. आत पोर बसलेलं असतं. शिवाय फेऱ्यांचा हिशेब आहेच, आयोजकांना कळवावं लागेल. पोरांच्या फेऱ्या कापल्या तर माझ्यामुळे.

आता तुझं. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री माझ्या अलार्मच्या सर्किटला तू गुपचूप सोल्डरचा डाग दिलास, बक्षीस मी घेतलं, आणि सांगितलंस अकरा वर्षांनी, तेही माझ्या लग्नाच्या पंगतीत! पुढची दोन वर्षं मी तुझ्याशी बोललो नाही. तुला वाटलं बक्षिसाचा राग. तो नव्हताच. अकरा वर्षं मी ते सर्किट कसं चाललं याची खोटी फुशारकी मारत फिरलो, आणि तू समोर बसून माना डोलावल्यास, त्याचा होता. सई आता तशीच सगळ्यांना सावली समजावून सांगतेय. कालच मलाही सांगितलंन, कागदावर चित्र काढून. मी मान डोलावली.

एवढंच सांग, त्या अकरा वर्षांत तुझ्या तोंडाशी कितीदा आलं होतं? आणि काय म्हणून गिळलंस? पंगतीत का होईना, सांगितलंस ते बरं केलंस, हे मी तुला आजवर म्हटलं नव्हतं.

धाकटीचं ठरलं ते कळलं, फार आनंद झाला. तारीख कळव. वहिनींना नमस्कार. दुकानाचं काय केलंस?

तो पिवळा पडलेला कनेक्टर माझ्या शर्टाच्या खिशात आहे, टाकवत नाही. शनिवारी सकाळी दहाला सगळी पोरं जमणार आहेत. त्याआधी लिही, नाहीतर फोन कर. पण कर.

तुझा,
दिलीप