अडले की व्हिडिओ? आधी खेळालाच विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत संगणकावरच्या भुताटकीच्या कोडे-खेळांची, म्हणजे पसाऱ्याच्या चित्रात यादीतल्या वस्तू शोधायच्या ‘हिडन ऑब्जेक्ट’ गेम्सची ओळख करून देणारा लेख आला, याचा आनंद आहे. बंदुका आणि क्रिकेट सोडून मराठी वर्तमानपत्रे गेमकडे फारशी वळत नाहीत. पण लेखाच्या शेवटी ‘अडलात तर सरळ यूट्यूबवर वॉकथ्रू बघा’ (म्हणजे कुणीतरी अख्खा खेळ सोडवून दाखवलेला व्हिडिओ) असा जो सल्ला दिला आहे, त्याला ठाम हरकत आहे. त्याने गोष्ट फुटते हे तर आहेच, पण हा सल्ला मुळात कामाचाही नाही.

एक तर व्हिडिओतले उत्तर आपल्या खेळाला लागू पडेल याची खात्री नसते. सिएटलच्या बिग फिश गेम्स या कंपनीने २००५ साली ‘मिस्टरी केस फाइल्स : हंट्सव्हिल’ आणि पुढच्याच वर्षी ‘रेव्हनहर्स्ट’ काढला. हा प्रकार घरोघरी पोचवला तो या मालिकेने. त्या खेळांतल्या वस्तूंच्या याद्या दर डावाला बदलतात. एकाला कात्री शोधायची, तर दुसऱ्याला त्याच खोलीत मेणबत्ती. अलीकडच्या खेळांत यादी बहुधा ठरलेली असते, तरी कुलपाचा आकडा किंवा चकत्यांची सुरुवातीची मांडणी बदलणारे खेळ आजही आहेत. शिवाय असा एक खेळ साधारण तीन ते पाच तास चालतो आणि व्हिडिओही तेवढाच लांबलचक. त्यात आपली खोली हुडकता हुडकता पुढच्या चार खोल्या आणि खलनायकाचा चेहरा दिसून जातो. ‘रेव्हनहर्स्ट’च्या वाड्यात एमा नावाच्या बाईच्या डायरीची पाने एकेक करून हाती लागतात. पुढची पाने आधीच पाहिली, तर त्या वाड्यात शिरायचे कशाला?

खरी अडचण वेगळीच आहे. नवा खेळाडू अडतो तो कोडे अवघड म्हणून क्वचितच. बहुतेक वेळा त्याने पातळी चुकीची निवडलेली असते, नाहीतर पडदा नीट लावलेला नसतो.

खेळ सुरू होताना तीन पातळ्या विचारल्या जातात. नावे बदलतात, पण सोपी, मधली आणि एक्स्पर्ट अशीच उतरंड असते. बरेच जण बाणेदारपणाने एक्स्पर्ट निवडतात आणि पहिल्या फाटकापाशीच दमतात. पातळीने कोडी बदलत नाहीत, बदलते ती मदत. सोप्या पातळीवर जिथे काही करण्यासारखे असेल तिथे चकाकी दिसते, हिंटचे, म्हणजे इशारा देणारे, बटण एकदा वापरल्यावर अर्ध्याएक मिनिटात पुन्हा भरते आणि नकाशावर उद्गारचिन्हे येतात. एक्स्पर्टमध्ये चकाकी नसते, हिंट दीड-दोन मिनिटे घेते किंवा मिळतच नाही, आणि उगाच क्लिक करत सुटलात तर काही सेकंद माऊस गोठतो. ‘कस्टम’चा पर्याय असेल तर तो घ्यावा. चकाकी बंद, नकाशाच्या खुणा चालू, हिंट लवकर भरणारी. चकाकी चालू ठेवली की डोळा खोली बघतच नाही, चकाकीच्या मागे पळतो. नकाशाच्या खुणा मात्र पायपीट वाचवतात, विचार वाचवत नाहीत. पातळी मध्येच बदलण्याची सोयही बहुतेक खेळांत सेटिंगमध्ये असते.

आता पडदा. हे खेळ अंधाऱ्या तळघरांत, धुक्यात, मेणबत्तीच्या उजेडात घडतात. संगणकाचा ‘नाइट लाइट’ लावून ठेवलेला असेल तर संध्याकाळनंतर तो आपोआप लागतो आणि सगळे पिवळट होते. मग पितळी किल्ली लाकडावर दिसेनाशी होते आणि रंग जुळवायच्या कोड्यात पांढरी नि फिकी पिवळी चकती एकच वाटते. खेळापुरता तो बंद करावा. स्वस्त लॅपटॉपचा पडदा मागे कललेला असेल तर काळ्या भागातले बारकावे पुसले जातात, तो डोळ्यासमोर सरळ आणावा. जुने खेळ जवळजवळ चौकोनी पडद्यासाठी केलेले असल्याने रुंद पडद्यावर ताणले जातात आणि गोल घड्याळ अंडाकृती दिसते. सेटिंगमध्ये ‘वाइडस्क्रीन’ची खूण काढली की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात, पण आकार खरे दिसतात. माऊसचा बाण अडखळत असेल तर ‘कस्टम कर्सर’ बंद करा. खेळाचा नक्षीदार हात जातो नि साधा बाण येतो, पण तो वेळेवर हलतो.

एकदम किंचाळणाऱ्या भुताचा त्रास होणाऱ्यांनी ‘इफेक्ट्स’चा आवाज कमी करून संगीत तसेच ठेवावे. पूर्ण आवाज मात्र बंद करू नये. सूर ऐकून त्याच क्रमाने घंटा वाजवण्याचे कोडे कुठे ना कुठे येतेच.

शोधण्याचेही एक तंत्र आहे. यादीतले नाव मनात घेऊन अख्ख्या चित्रावर नजर भिरभिरवण्यात वेळ जातो. चित्राचे उभे चार-पाच पट्टे मनाशी पाडावेत आणि एका पट्ट्यात जे जे दिसते ते यादीशी ताडावे. चित्रकाराच्या सवयी ठरलेल्या असतात. लांबट वस्तू तो सरळ रेषेला चिकटवतो, म्हणजे व्हायोलिनचा गज खुर्चीच्या दांडीवर, बासरी खिडकीच्या चौकटीत, साप पडद्याच्या चुणीत. पारदर्शक वस्तू काचेसमोर ठेवतो. आकारमानाशी त्याला देणेघेणे नसते, हत्ती अंगठ्याएवढा असू शकतो. आणि सगळ्यात उपयोगी खूण म्हणजे सावली. खोलीतला उजेड डावीकडून येत असेल आणि एखाद्या बशीची सावलीही डावीकडेच पडली असेल, तर ती बशी मागाहून चिकटवलेली आहे. नुसती ‘बो’ मागितली असेल तर ती केसांची फीत, धनुष्य किंवा तो व्हायोलिनचा गज, काहीही असू शकते. ‘बॅट’ म्हणजे वटवाघूळसुद्धा. यादीतले एखादे नाव वेगळ्या रंगात असेल तर ती वस्तू उघड्यावर नाही. आधी खण उघडा, सुरीने लिंबू कापा किंवा मेणबत्ती पेटवा, मग ती मिळते. नव्या खेळाडूंना हे कुणी सांगत नाही, आणि ते त्या वस्तूसाठी सगळा पडदा क्लिक करत बसतात.

पुढे साहसखेळाचा भाग आला. २००८ च्या ‘रिटर्न टू रेव्हनहर्स्ट’पासून सापडलेली वस्तू पिशवीत ठेवून पुढे कुठेतरी वापरणे या प्रकारात वाढत गेले. पोलंडमधल्या झाब्झेच्या आर्टिफेक्स मुंडी कंपनीने २०११ च्या ‘एनिग्माटिस : द घोस्ट्स ऑफ मेपल क्रीक’मध्ये तर पुरावे फळ्यावर लावून त्यांची सांगड घालायला लावली. अडायला होते ते इथेच. अशा वेळी पिशवी आधी पाहावी. वस्तूच्या कोपऱ्यात अधिकचे चिन्ह असेल तर ती अजून अर्धवट आहे, तिला दुसरे काहीतरी जोडायचे आहे. मग नकाशा उघडून खूण असलेल्या खोलीत जावे. तरीही जमेना तर हिंट. वस्तूंच्या यादीबाहेर हिंट दाबली की ती याच खोलीतली जागा दाखवते, किंवा इथे काही नसेल तर जायची दिशा दाखवते. उत्तर देत नाही, बोट दाखवते. कोड्याला कंटाळलात तर ते ओलांडून नेणारे ‘स्किप’चे बटण भरेपर्यंत थांबा आणि दाबा. गोष्ट अडत नाही, फार तर एखादे पदक हुकते. आणि ‘कलेक्टर्स एडिशन’ घेतली असेल तर तिच्यात जादा प्रकरणाबरोबर चित्रांसह मार्गदर्शिका असते. ती प्रकरणवार उघडते, हवी तेवढी एकच पायरी वाचून मिटता येते. व्हिडिओत ही सोय नाही.

एक बारीक सावधगिरी. खेळ आपोआप सेव्ह होतो, पण बऱ्याच खेळांत अर्धवट कोडे सेव्ह होत नाही. जेवायला उठताना कोडे उघडे ठेवून मिनिमाइज करावे, खेळ बंद करू नये. घरात दोघे खेळत असतील तर पहिल्या पानावर दोन वेगळी नावे नोंदवावीत. एकाच नावावर खेळले की भांडण ठरलेले.

खरेदीबद्दल थोडक्यात. बिग फिशवर आधी एक तास फुकट खेळून पाहता येते. ‘स्टीम’ या गेमच्या ऑनलाइन दुकानात घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असल्यास पैसे परत मागता येतात. फुकट म्हणून कुठल्याही साइटवरून क्रॅक केलेली फाइल उतरवण्याचे काही कारण नाही. मोबाइलवर ‘एनर्जी’ संपली की थांबायला किंवा पैसे भरायला लावणारे शोधखेळ ही वेगळी जात आहे, त्यांना शेवट नसतो.

आता ज्यांच्यापाशी लोक हमखास व्हिडिओ उघडतात ती कोडी. ही भुतांची नाहीतच, जुन्या गणिती करमणुकीतून उचललेली आहेत.

तीन खांबांपैकी एकावरचा चकत्यांचा मनोरा दुसऱ्यावर नेणे हे १८८३ साली फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांनी आणलेले कोडे. पाच चकत्यांना कमीत कमी ३१ चाली लागतात. चकत्यांची संख्या विषम असेल तर सर्वात लहान चकती पहिल्या चालीत जिथे मनोरा न्यायचा त्या खांबावर, सम असेल तर उरलेल्या खांबावर. मग एक आड एक चाल लहान चकतीची, नेहमी त्याच दिशेने. मधली चाल जी शक्य असेल ती एकच असते.

सरकत्या तुकड्यांचे चित्र आधी वरची ओळ, मग डावा उभा रकाना असे लावत न्यावे. शेवटी दोनच तुकडे उलटे राहिले आणि काही केल्या बसेनात, तर हात दोष देण्याजोगे नाहीत. या कोड्याच्या नेमक्या निम्म्या मांडण्या सुटूच शकत नाहीत, हे १८७९ मध्येच सिद्ध झाले आहे. खेळात सुटणारीच मांडणी दिलेली असते. तेव्हा नुसत्या काळ्या आकाशाचे दोन सारखे दिसणारे तुकडे शोधा, त्यांची अदलाबदल झालेली असते.

आणि दिवे. पाच बाय पाचचा चौकोन, एक दिवा दाबला की तो आणि त्याच्या चारी बाजूंचे उलटतात, सगळे विझवायचे. १९९५ मध्ये टायगर इलेक्ट्रॉनिक्सने हे ‘लाइट्स आउट’ नावाने हातातले खेळणे म्हणून विकले, तेव्हापासून भुतांच्या वाड्यांत ते मुक्कामालाच आहे. अंदाजाने दाबत गेले तर रात्र सरेल. यात कुठलाही दिवा दोनदा दाबणे म्हणजे न दाबणे, आणि क्रमाला महत्त्व नाही. पहिल्या ओळीत जे पेटलेले असतील त्यांच्या बरोबर खालचे, दुसऱ्या ओळीतले दिवे दाबा. पहिली ओळ विझते. मग दुसरीसाठी तिसरी, असे खाली उतरा. उरतील ते फक्त पाचव्या ओळीत. डावीकडून मोजून पाहा:

पहिला, दुसरा, तिसरा उरले तर सर्वात वरच्या ओळीतला दुसरा दाबा.
तिसरा, चौथा, पाचवा उरले तर वरचा चौथा.
दुसरा, तिसरा, पाचवा उरले तर वरचा पहिला.
पहिला, तिसरा, चौथा उरले तर वरचा पाचवा.
पहिला, दुसरा, चौथा, पाचवा उरले तर वरचा तिसरा.
दुसरा, चौथा उरले तर वरचे पहिला आणि चौथा.
पहिला, पाचवा उरले तर वरचे पहिला आणि दुसरा.

मग पुन्हा वरून खाली तसेच उतरा, सगळे विझतात. आठवी तऱ्हा निघत नाही. निघालीच तर वाटेत एक दिवा चुकला आहे, रीसेट करून पुन्हा करा. सगळे पेटवायचे असतील तर न पेटलेल्यांना पेटलेले समजून हीच रीत वापरावी. तीन बाय तीनच्या चौकोनाला हा तक्ता लागू नाही, पण तिथे कुठलीही मांडणी सुटतेच, आणि नऊच दिवे असल्याने कागदावर करून पाहता येते.

तेव्हा विनंती एवढीच, की या सदराच्या पुढच्या भागात व्हिडिओच्या लिंकऐवजी वरच्या सात ओळींची चौकट छापावी. कापून संगणकाशेजारी चिकटवता येईल अशा आकारात छापली तर उत्तम.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे