वाड्यात भूत नको

दांडिया बाजार, बडोदे
रविवार

प्रिय गौरी,

तू कॉम्प्युटरवर वाड्याचा जो खेळ बनवतेयस त्याबद्दलचा तुझा निरोप वाचला आणि हातातलं काम तसंच टाकून लिहायला बसले. "निखिल म्हणतो, यात करायचं काय? म्हणून माळ्यावर भूत टाकतेय आणि पाच किल्ल्या लपवतेय." एवढ्या दोन ओळी पाठवून तू झोपायला गेलीस. फोन केला असता तर आपण भांडलो असतो, म्हणून पत्र. इथे सगळे बरे आहेत. आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, औषध चालू आहे.

भूत नको, गौरी. आपल्या वाड्यात भूत आलं तर शालूमावशी त्याला पाट देईल, चहा विचारेल आणि कुठल्या गावचा म्हणून चौकशी करेल. घाबरणार कोण?

निखिलचा प्रश्न मात्र उडवून लावू नकोस, तो रास्त आहे. 'डिअर एस्थर'पासून तो या जातीच्या, नुसतं चालत बघत जायच्या खेळांना हाच प्रश्न विचारतोय. २००८ मध्ये पोर्ट्समथ विद्यापीठातल्या डॅन पिंचबेकने तो खेळ 'हाफ-लाइफ २' या बंदुकीच्या खेळाचा मॉड, म्हणजे त्यात फेरफार करून घडवलेलं रूप, म्हणून केला, २०१२ मध्ये नवं रूप घेऊन तो विकायला आला. बंदूक नाही, उडी नाही, धावायचं बटण नाही. हेब्रिडीजमधलं एक ओसाड बेट, वारा, आणि पत्रांचे तुकडे वाचणारा एक आवाज. तेव्हाही लोक हेच म्हणाले, हा खेळच नाही. कमाटीबागेच्या बाकावर आपलं यावरूनच वाजायचं. चालणं पुरेसं आहे, असं तावातावाने तू म्हणायचीस, आणि आज भूत तूच आणतेयस!

माझी कसोटी अजून तीच आहे. दुसरा कोणी खेळताना नुसतं बघत बसलेल्या माणसालाही सगळं मिळालं, तर खेळणाऱ्याच्या हातात आपण काहीच दिलं नाही. चालणाऱ्याजवळ बघणाऱ्यापेक्षा एकच गोष्ट जास्त असते: कुठे थांबायचं आणि किती वेळ, हे तो ठरवतो. त्या थांबण्याला खेळाने उत्तर द्यायला हवं. 'प्रोटिअस'मध्ये एक शब्द नाही, पण बेटावर जिथे जाल तिथलं झाड, बेडूक, पाऊस आपापला सूर लावतात. 'गॉन होम'मध्ये वस्तू उचलून फिरवून बघता येते आणि पुन्हा जागेवर ठेवता येते. ती जागेवर ठेवायची सोय मला फार मोलाची वाटते. कोणाच्या तरी घरात आपण शिरलोय, ही जाणीव तेवढ्याने राहते. किल्ली शोधणारा माणूस भिंत बघत नाही. तो चकाकणारी वस्तू बघतो आणि पुढे पळतो. आणि भूत म्हणजे तर वचनच. एकदा भीती घातली की ती फेडावी लागते. 'फायरवॉच'च्या शेवटावरून तू किती दिवस धुमसत होतीस! आधी एवढा कट रंगवला आणि शेवटी निघाली साधी, थकलेली माणसं, ही तुझीच तक्रार होती. मला तो शेवट आजही आवडतो, पण तुझं दुःख मला कळतं. तेच दुःख आता तू दुसऱ्याला देणार आहेस.

निखिल कंटाळला त्याचं पहिलं कारण गोष्टीत नाही, मोजमापात आहे. मी बिल्ड, म्हणजे तू पाठवलेली खेळाची चालती प्रत, उघडून सगळं तपासलं.

तू चालीचा वेग सेकंदाला ५ मीटर ठेवलायस. माणूस रोजच्या चालीने १.४ च्या आसपास चालतो. ४ मीटरचं माजघर निखिल एका सेकंदाच्या आत ओलांडतो, मग त्याला फडताळ दिसणार कधी? पण म्हणून १.४ सुद्धा ठेवू नकोस. पडद्यावर डोळ्यांच्या कडेचं दिसत नाही आणि पायांना श्रम नसतात, त्यामुळे खरी चाल रटाळ वाटते. आतल्या खोल्यांत २.१ ठेव, शिफ्ट धरली की ३.२. आणि शिफ्ट आहे हे सुरुवातीलाच सांग. २०१५ मध्ये 'एव्हरीबडीज गॉन टू द रॅप्चर' आला तेव्हा लोक चालीवर वैतागले. खरं तर बटण धरून ठेवलं की चाल हळूहळू वाढायची, पण खेळात तसं कुठे सांगितलंच नव्हतं, स्टुडिओला मागाहून खुलासा करावा लागला. संथपणा नवी जागा बघताना गोड लागतो, त्याच वाटेने परतताना ती शिक्षा होते. म्हणून जी खोली एकदा बघून झाली तिथे मूळ वेग पाव पटीने वाढव. कोणाच्या लक्षातही येणार नाही.

दारात अडकायला होतं, ते युनिटीच्या, म्हणजे तू खेळ ज्यात बनवतेयस त्या सॉफ्टवेअरच्या, कॅरेक्टर कंट्रोलरमुळे, म्हणजे खेळणाऱ्याच्या न दिसणाऱ्या देहामुळे. त्याची त्रिज्या मुळात ०.५ असते, म्हणजे माणूस एक मीटर रुंद झाला. माजघराचं दार तू ७५ सेंटिमीटरचं केलंयस, आणि ते तसंच राहू दे, वाड्याचं दार अरुंदच हवं. त्रिज्या ०.२५ कर. मग लगेच दुसरी कटकट सुरू होईल: भिंतीला टेकलं की भिंतीच्या आरपार दिसेल, कारण कॅमेऱ्याचं जवळचं अंतर, ज्याच्या अलीकडचं तो दाखवतच नाही, मुळात ०.३ आहे, त्रिज्येपेक्षा जास्त. ते ०.०५ वर आण आणि दूरचं १००० वरून ३०० वर. वाड्याला १००० मीटर लागतात कशाला?

जिना. पायरीची उंची २८ आणि रुंदी २२ सेंटिमीटर, म्हणजे चढ जवळजवळ ५२ अंशांचा. कंट्रोलरची मर्यादा ४५ ची. पायऱ्यांवरून जाता येतं, कारण तो ३० सेंटिमीटरपर्यंतची पायरी चढतो, पण प्रत्येक पायरीला कॅमेरा उसळतो, आणि निखिलला मळमळलं ते तिथेच. पायऱ्यांवर न दिसणारा उतार टाक, मर्यादा ५५ कर, आणि पावलांचे आवाज उतारावरून न घेता प्रत्येक पायरीच्या जागेवरून वाजव. चालताना डोकं वरखाली हलवायची करामत बंदच ठेव, हवी त्याला सेटिंगमध्ये चालू करता येईल. डोळा म्हणतो हललो, कान म्हणतो बसलोय, आणि पोट मध्ये सापडतं. कॅमेऱ्याला किती रुंद दिसतं तो कोन ६० अंशांवर आहे, पण युनिटीत तो उभा मोजतात, आडवा ९१ च्या वर जातो. त्याने खोल्या दिवाणखान्याएवढ्या दिसतात. ५० ठेवलास तर वाड्याचा अरुंदपणा परत येईल, पण जवळून पडदा बघणाऱ्याला गरगरेल. म्हणून सुरुवातीला ५५, आणि ५० ते ७५ मध्ये बदलायची सोय.

आणि चित्रं! रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यावरून तू ती भिंत इतकी मन लावून केलीयस आणि जवळ गेलं की सगळं धूसर. ४ मीटरच्या भिंतीला २०४८ बिंदूंचं एक टेक्स्चर, म्हणजे भिंतीवर चिकटवायचं चित्र, ताणलंयस, म्हणजे मीटरला ५१२ बिंदू. अर्ध्या मीटरवर उभं राहिलं की आत्ताच्या कोनात साधारण एक मीटर भिंत पडदाभर होते, आणि पडदा १९२० बिंदूंचा. म्हणजे चौपट कमी पडतंय. चित्राच्या प्रत्येक चौकटीला मीटरमागे २०४८ दे, नुसत्या चुन्याच्या भिंतीला ५१२ भरपूर. रावपुऱ्यात जाऊन उभं राहिलं की आपण काय करतो? नाक भिंतीला लावतो. खेळणाराही तेच करणार, आणि तिथे त्याला धुकं मिळालं तर तो पुन्हा कशाजवळही जाणार नाही.

आता मला ज्याची खरी काळजी आहे ते. या खेळांतली घरं रिकामी असतात. 'गॉन होम'मध्ये १९९५ सालचं घर, आणि घरात कोणी नाही. 'रॅप्चर'मध्ये १९८४ सालचं अख्खं इंग्रजी गाव नाहीसं झालेलं. 'फायरवॉच'मधली बाई वॉकी-टॉकीवर बोलते, भेटत नाही. चालता-बोलता माणूस घडवायला चेहरा, ओठ, डोळे, चाल सगळं लागतं, दोन-चार जणांच्या गटाला ते परवडत नाही, म्हणून माणसं निघून गेलेली असतात आणि मागे चिठ्ठ्या उरतात. तिथे ते शोभतं. शोक आणि एकांत यापलीकडे हा प्रकार फारसा जात नाही, ही त्याची मर्यादा मला फार जाणवते. आणि आपला वाडा तर कधीच रिकामा नसतो! १९७९ सालच्या एकत्र कुटुंबातल्या मुलीला स्वतःची खोली कुठली, आणि टेबलावर उघडी डायरी कुठली? तू खेळातल्या माईच्या नावाने ज्या सात चिठ्ठ्या ठेवल्यास त्या खोट्या वाटतात. माई लिहिणारी नव्हती, हिशोब ठेवणारी होती.

मग हिशोबच दाखव. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांग आणि दुधाचे आकडे लिही: जूनपर्यंत रोज २ लिटर, जुलैपासून १, दिवाळीनंतर अर्धा. ज्या दिवशी खाडा त्या दिवशी फुली. पानं उलटणाऱ्याला माणसं कधी कमी झाली ते न सांगता कळेल, न उलटणाऱ्याचं काही अडणार नाही. पंचांगाच्या समासात कोणाच्या तरी गाडीची वेळ. ट्रंकेत तळाला लग्नाची जुळलेली आणि न जुळलेली, दोन्ही टिपणं.

आणि माणसं ऐकू येऊ देत. दिसायची गरज नाही. वरच्या मजल्यावर पाटणीवरून पावलं, शेजारच्या खोलीत कुकरची शिट्टी, ओसरीवर नुकताच कोणी उठून गेलेला झोपाळा. तो झोपाळा तेवढा सुधार. २ मीटरच्या कड्यांना एका पूर्ण हेलकाव्याला सुमारे २.८ सेकंद लागतात, तू १.५ ठेवलायस म्हणून तो खेळण्यातला वाटतो. मधल्या भिंतीआडचा आवाज नुसता बारीक करून चालत नाही, त्यातला वरच्या पट्टीचा भाग कापावा लागतो. ८०० हर्ट्झपासून कापून बघ, बोलणं कळणार नाही पण कोण बोलतंय ते ओळखू येईल. चौक उघडा आहे, तिथला घुमारा काढून टाक. दगडी फरशी, लाकडी पाटण, चटई, प्रत्येकाचे निदान सहा-सात पावलांचे आवाज हवेत, लागोपाठ तोच न वाजता. आणि संगीत नको. हे भांडण मी सोडणार नाही. सतार सुरू झाली की मावशीची पावलं कोण ऐकणार?

थांबण्याला उत्तर असं दे: आठ सेकंद पाय हलले नाहीत की घराचे आवाज ६ डेसिबलने हळूहळू वर येतात. मान वळवली तर मोजणी मोडायची नाही, फक्त पाऊल टाकलं तरच.

भुताच्या जागी माझ्याकडे एक वस्तू आहे: जातं. माळ्यावर नको, माजघरातच. 'एडिथ फिंच'मधला मासे कापण्याचा प्रसंग आठव, एक हात कामाला जुंपलेला आणि दुसरा मनातल्या राज्यात चालतोय. बघणाऱ्याला तो प्रसंग कळतो, पण करणाऱ्याच्या हाताला जे होतं ते बघणाऱ्याला कधीच मिळत नाही. तसं इथे: माउस गोल फिरवला की जातं फिरतं, आणि ते फिरतंय तोवर ओवी चालते. हात थांबला तर चालू ओळ पूर्ण होते, पुढची सुरू होत नाही. करताना माउस कुठे आहे ते मोजू नकोस, तो कोणत्या दिशेला सरकतोय त्याचा कोन मोज आणि दर फ्रेमला झालेला फरक जमा कर, म्हणजे लहान वर्तुळ काढणाऱ्यालाही जमेल. वेगाला मर्यादा दे, एका फेऱ्याला दीड सेकंदाहून कमी नाही. दगड जड आहे, वेग यायला दोन फेरे लागू देत आणि थांबायला एक. आवाजाची पट्टी वेगाशी जोडू नकोस, विनोदी होईल. ज्याला हात गोल फिरवणं जमत नाही त्याला नुसतं बटण धरून ठेवायची सोय दे. माईला जे कोणाला सांगता आलं नाही ते तिने दगडाला सांगितलं, आणि ऐकायचं तर दळावं लागेल. निखिलला सांग, हे करायचं.

लांबी वाढवू नकोस. स्टीमवर, म्हणजे खेळ विकणाऱ्या त्या ऑनलाइन दुकानात, खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांहून कमी खेळलं तर पैसे परत मागता येतात, म्हणून लोक घाबरून खेळ ताणतात. तुझा सत्तर मिनिटांचा आहे, तसाच राहू दे. ताणलेला खेळ आवडलेल्यालाही नकोसा होतो. किंमत कमी ठेव.

तुझ्या नव्या घराचं काय झालं? ताबा मिळाला का? ईशानच्या परीक्षेला माझ्या शुभेच्छा. नोकरी सोडायचा विचार मात्र हा खेळ बाहेर पडेपर्यंत करू नकोस, मग सविस्तर बोलू. पुढच्या वेळी आलीस की सेवउसळ माझ्याकडून.

शालूमावशी ओव्या म्हणायला तयार झाली आहे. गुरुवारी सकाळी तिच्याकडे जाते. पंखा आणि फ्रिज बंद करून, माइक वीतभर अंतरावर ठेवून, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर घेईन. जात्याचा आवाज वेगळा घेऊ, दाणे घालून एकदा आणि रिकामं एकदा, कारण रिकामं जातं कर्कश वाजतं. तुला ओळी किती हव्यात आणि मधली शांतता किती सेकंदांची, ते बुधवारपर्यंत कळव. आणि जिना दुरुस्त केलेला बिल्ड पाठव.

तुझी,
मृणाल