येवल्याच्या नालबंद चाचांना, जाहीर आभार

चाचा, सलाम.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवेल. तुमचा पत्ता द्यायचा नाही असं तुम्हीच बजावलंत, म्हणून नावही लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील.

गावातल्या पोरांच्या घोडा क्लबला हातभार लावायला तुमच्या आधी बरेच जण येऊन गेले. एकाने शाल-नारळ घेतला आणि मैदानाचा शब्द दिला. त्या मैदानात सध्या टोमॅटो लागलेत. दुसऱ्याने अबलख घोडी घेऊन दिली, ‘7 वर्षांची, एकदम गरीब’ म्हणून. तुम्ही आल्या आल्या तिचा वरचा ओठ उचललात आणि कडेच्या दातावरची उभी खाच दाखवलीत. ही खाच 10व्या वर्षाच्या सुमारास हिरडीपाशी दिसायला लागते आणि 15व्या वर्षी दाताच्या निम्म्यावर येते. हिची निम्म्यावर होती. म्हणजे दलालाने सरळ 8 वर्षं गिळली. पण तुम्ही घोडीला नावं ठेवली नाहीत. “पोरांना हीच बरी. जवान घोडी पाडते, म्हातारी सांभाळते,” एवढंच म्हणालात.

चारही जनावरांना नाल ठोकायचे म्हणून तुम्हाला बोलावलं होतं. 16 नाल, तुमची दिवसाची कमाई. त्यातल्या तिघांना तुम्ही नाल मारलेच नाहीत. मऊ मातीत तासभर फिरणाऱ्या जनावराला नाल कशाला, दर 6 ते 8 आठवड्यांनी खूर तासला की पुरे, हे तुमचं म्हणणं. पावसाळ्यात तर खूर भिजून मऊ पडतो, खिळे ढिले होतात आणि निघता निघता नाल खुराच्या भिंतीचा, म्हणजे बाहेरच्या टणक कवचाचा, टवकाही घेऊन जातो. नाल फक्त अबलखला, कारण ती रोज डांबरी रस्त्याने येते आणि तिचा तळवा जमिनीला टेकायला आला होता.

आता त्या खिळ्याबद्दल. तो विसरणं शक्य नाही.

तळव्याच्या कडेने फिकट रेघ दिसते, खिळा तिच्या बाहेरून जायला हवा. आत जिवंत मांस. खिळ्याची तिरपी बाजू आतल्या अंगाला ठेवतात ती यासाठीच, टोक आपोआप बाहेर वळतं आणि दोनेक सेंटीमीटर वर भिंतीतून निघतं. टणक खुरात ठोका खणखणीत वाजतो, आत सरकला की बद्द. उजव्या पुढच्या पायाचा पाचवा खिळा आम्हाला तरी खणखणीतच वाटला. घोडीने पाय ओढला नाही, फक्त खांद्यावरची कातडी थरथरली. दावं धरून उभी असलेली पाचवीतली पोर म्हणाली, “चाचा, हिला दुखलं.”

आम्ही मोठ्यांनी तिला गप्प केलं. तुम्ही हातोडी खाली ठेवलीत. खिळा पकडीने उपसलात, अंगठ्यावर पुसून पाहिलात. रक्त नव्हतं, जराशी ओल होती. मग तिला जवळ बोलावून तो खिळा तिच्या तळहातावर ठेवलात. “तू बरोबर बघितलंस. माझा आत गेला.”

एवढंच. ना सारवासारव, ना घोडीवर खापर. आमच्याकडे चुकलेल्या माणसाचा आवाज आधी चढतो. मैदानवाले साहेब तर चूक दाखवली त्या दिवसापासून फोन उचलत नाहीत. जन्मभर हेच काम केलेल्या माणसाने दहा वर्षांच्या पोरीपुढे मान तुकवलेली आमच्या पोरांनी पहिल्यांदाच पाहिली.

भोकात आयोडीन सोडून तुम्ही ते रिकामंच ठेवलंत आणि धनुर्वाताची लस झाली का विचारलंत. घोड्याला धनुर्वात फार लवकर धरतो. लस झाली नव्हती. डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी सुई दिली. पुढची सूचनाही आम्हाला नाही, त्या पोरीलाच केलीत: दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ दोन्ही पुढच्या खुरांवर तळहात ठेवायचा, एक जास्त गरम लागला किंवा टाचेच्या वर नाडी ठणठण उडाली, तर रात्रीही फोन कर.

निघताना कोपऱ्यातला कांद्याचा ढीग पाहून पुन्हा थांबलात. कांदा, पात, सालं, काहीच घोड्याच्या तोंडी जाऊ द्यायचं नाही, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि लघवी लालसर-तपकिरी होते. लासलगावच्या शेजारी राहून हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. ढीग त्याच दिवशी हलवला.

अबलख बरी आहे. पुढची तासणी सातव्या आठवड्यात येते. मंगळवारी तुमचा बाजार, तेव्हा बुधवारी या. खिळा खराऱ्याच्या डब्यात जपून ठेवलाय. दावं धरायला तीच पोर असेल. मोठ्यांना या वेळी कुंपणाबाहेर उभं करणार आहोत.