लडाखची हद्द चराईच्या वाटेवर ठरते

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत लडाखवर दोन पानं आली होती. फोटो सुरेख होते, नकाशाही नीट होता. पण लेख वाचून असं वाटतं, की लडाख म्हणजे बौद्ध मठ, लष्करी चौक्या आणि मध्ये नुसता पडीक मुलूख. सैन्यात असताना मी पूर्व लडाखमध्ये राहिलो आहे आणि जन्म माण तालुक्यातल्या मेंढरं राखणाऱ्या घरातला. म्हणून हे चित्र जरा जास्तच खटकलं.

पँगाँग सरोवराच्या दक्षिणेला चुशुल, न्योमा, हानले, देमचोक असा पट्टा लागतो. तिबेटच्या चांगथांग पठाराचं हे पश्चिमेकडचं टोक. उंची साधारण चौदा हजार फूट, थंडीत पारा उणे तीसपर्यंत उतरतो. इथे चांगपा लोक याक, मेंढ्या आणि शेळ्या घेऊन वर्षभर कुरणं बदलत फिरतात. राहायला याकच्या केसांपासून विणलेला काळा तंबू, त्याला ते रेबो म्हणतात. धारेच्या वेळी शेळ्या समोरासमोर उभ्या करतात, माना एकमेकींत अडकवून सगळ्यांना एकाच दोरीत गुंफतात आणि बाया दोन्ही अंगांनी धार काढत पुढे सरकतात. आमच्याकडच्या कुठल्या वाड्यावर ही युक्ती मी पाहिलेली नाही. उन्हाळा लागला की शेळीच्या अंगावरची आतली मऊ लोकर फणीने विंचरून काढतात. एका शेळीमागे पाव किलोच्या आतबाहेर मिळते. ती पश्मीना. काश्मिरी शाल म्हणून आपण जी मिरवतो, तिचा कच्चा माल इथला.

लडाखला ना समुद्र, ना बारमाही मोकळी वाट. झोजी ला ही खिंड बंद झाली की श्रीनगरकडचा रस्ता संपला. अशा मुलखासाठी राजे का भांडले, हे या लोकरीकडे पाहिल्यावर कळतं. सतराव्या शतकात भूतान आणि तिबेट यांच्यात पंथावरून वाजलं. भूतानचा द्रुकपा पंथ, ल्हासाचा गेलुग. लडाखच्या राजाने द्रुकपांची बाजू घेतली आणि पाचव्या दलाई लामांच्या फौजा चालून आल्या. राजाने मदत मागितली ती काश्मीरच्या मोगल सुभेदाराकडे. म्हणजे दोन बौद्ध पंथांचं भांडण आणि सोडवायला औरंगजेबाचं लष्कर! त्याआधीच औरंगजेबाच्या दबावाखाली लेहमध्ये मशीद उभी राहिली होती, साधारण १६६६-६७ साली. शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले ते हेच दिवस. लेहच्या बाजारपेठेत ती मशीद आजही नांदती आहे.

युद्धाचा शेवट १६८४ च्या तिंगमोसगांग तहाने झाला. औरंगजेब तेव्हा दख्खनेत संभाजी महाराजांशी झुंजत होता. या तहात लडाखच्या हातून पश्चिम तिबेटमधला गुगे, पुरांग, रुदोक हा मुलूख गेला, पण तिथल्या पश्मीना लोकरीच्या खरेदीचा मक्ता लडाखकडे राहिला. हद्द देमचोकजवळच्या ल्हारी ओढ्यावर धरली गेली. सीमेच्या वाटाघाटींत आज ज्या देमचोकचं नाव ऐकतो, ते हेच.

जम्मूच्या गुलाबसिंगांचा सेनापती जोरावरसिंग १८३४ साली किश्तवाडच्या बाजूने लडाखमध्ये उतरला, त्यामागेही लोकरीचा व्यापार हे मोठं कारण होतं. पुढे १८४१ मध्ये तो थेट तिबेटात घुसला आणि ऐन डिसेंबरच्या थंडीत तक्लाकोटजवळ मारला गेला. बंदुकांचे लाकडी दस्ते जाळून त्याच्या सैनिकांनी शेकोट्या केल्या, असं सांगतात. मी तिथली थंडी सोसली आहे, मला ते अतिशयोक्तीचं वाटत नाही. १८४६ च्या अमृतसरच्या तहाने इंग्रजांनी काश्मीर गुलाबसिंगांना दिलं. बदल्यात दरवर्षी जी खंडणी ठरली, तिच्यात एक घोडा, शालींच्या तीन जोड्या आणि शालीच्या लोकरीच्या बारा शेळ्या होत्या, सहा नर नि सहा माद्या. साम्राज्याच्या कागदात शेळ्यांचे नर-मादी मोजून लिहिले गेले, यावरून त्यांची किंमत ओळखावी.

आता धर्माचं. २०११ च्या जनगणनेत लडाखची लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या घरात होती. त्यात मुसलमान सुमारे ४६ टक्के, बौद्ध ४० टक्क्यांच्या आसपास. कारगिल जिल्ह्यात शिया बहुसंख्य, लेहमध्ये बौद्ध. आपल्या लेखात कारगिल आलं ते फक्त युद्धाचं ठिकाण म्हणून. लेहच्या नऊ मजली राजवाड्याशी ज्याचं नाव जोडलं आहे, तो सेंग्गे नामग्याल लडाखचा सर्वांत नावाजलेला राजा. हेमिस मठाला मोठं केलं तेही त्याच्याच आश्रयाने. त्याची आई ग्याल खातून बाल्टिस्तानच्या मुसलमान राजाची मुलगी. बाल्टी राजाने लडाखच्या राजाला लढाईत हरवून कैद केलं आणि मग त्यालाच जावई करून घेतलं. अशी सोयरीक असलेल्या प्रदेशाला एकाच धर्माच्या रंगात रंगवणं बरोबर नाही. सगळं गोडीगुलाबीचं होतं असंही नाही. १९८९ मध्ये लेहच्या बौद्धांनी मुसलमानांवर घातलेला सामाजिक बहिष्कार काही वर्षं चालला, आणि त्याचे व्रण अजून आहेत.

सीमेचा प्रश्न निघाला की आपल्याकडे एक किस्सा हमखास सांगतात. अक्साई चीनमध्ये गवताचं पातंही उगवत नाही, अशा अर्थाचं नेहरू संसदेत बोलले आणि खासदार महावीर त्यागींनी आपल्या टकलाकडे बोट दाखवून, इथेही काही उगवत नाही, मग हेही देऊन टाकायचं का, असं उत्तर दिलं. किस्सा टाळ्यांचा आहे. पण तिथे गवत नाही, हे त्या उत्तरातही मान्यच केलेलं आहे! अक्साई चीनचा पुष्कळ भाग उजाड आहे हे खरं, पण कडेच्या चांगचेनमोसारख्या खोऱ्यांत लडाखी लोक गुरं घेऊन जात. त्यांची वहिवाट हाच आपला सर्वांत जुना पुरावा होता. चीनने सिंकियांग-तिबेट रस्ता १९५७ पर्यंत पुरा केला, तेव्हा दिल्लीला उशिरा जाग आली. ऑक्टोबर १९५९ मध्ये त्याच खोऱ्यात हॉट स्प्रिंग्जजवळ दहा पोलीस मारले गेले. २१ ऑक्टोबरला देशभर पोलीस स्मृतिदिन पाळतात, तो यांचाच.

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी रेझांग ला इथे मेजर शैतानसिंग आणि १३ कुमाऊँची चार्ली कंपनी लढली. १२० जणांपैकी शंभराहून अधिक कामी आले. आपल्याकडे शाळकरी पोरालाही हे ठाऊक असतं. पण ते कसे लढले हे जगाला कळलं फेब्रुवारी १९६३ मध्ये, एका मेंढपाळाला बर्फात त्यांचे देह दिसले तेव्हा. काहींच्या हातात तेव्हाही हत्यारं होती. मे १९९९ मध्ये बटालिकच्या डोंगरात घुसखोर आधी कुणी पाहिले? हरवलेला याक शोधत दुर्बीण घेऊन चढलेल्या गारकोन गावच्या ताशी नामग्याल यांनी. त्यांनी जवळच्या चौकीला कळवलं. डिसेंबर २०२४ मध्ये ते वारले, आपल्याकडे ती बातमी फार तर आतल्या पानावर आली असेल.

चौकी डोंगरावर असते आणि तिची गस्त आठवड्यातून ठरलेल्या वेळी निघते. मेंढपाळ रोज जातो, आणि कालच्यापेक्षा आज काय वेगळं आहे हे त्यालाच समजतं. आम्ही जवान दोन-तीन वर्षांनी बदलून जात असू, तो तिथेच राहायचा. कुठला ओढा कधी गोठतो, पलीकडची गाडी कुठवर येते, हे विचारायला आम्ही रेबोतच जात असू. लोण्याचा खारट चहा मिळे, तो काही मला शेवटपर्यंत आवडला नाही.

१९६२ नंतर रुदोककडची वाट बंद झाली, मीठ आणि लोकरीचा व्यापार थांबला. न्योमाच्या बाजूची स्काकजुंगसारखी हिवाळी कुरणं हळूहळू हातची गेली, असं तिथले लोक सांगतात. १५ जून २०२० च्या गलवान चकमकीत आपले वीस जवान गेले. त्यानंतर दोन्ही सैन्यं काही ठिकाणी मागे सरली आणि मधे मोकळे पट्टे ठेवले गेले. चुशुल भागात अशा पट्ट्यांत कुरणंही गेली. जानेवारी २०२४ मध्ये काकजुंग इथे चिनी सैनिकांनी मेंढपाळांना अडवलं, तेव्हा ते हटले नाहीत, तिथेच उभे राहून हुज्जत घातली. ती चित्रफीत देशभर फिरली. ऑक्टोबर २०२४ मध्ये देप्सांग आणि देमचोकमधल्या गस्तीबद्दल समझोता झाला, त्याच्या बातम्यांत गस्तीवर रकाने भरले. चराईला मात्र त्यात फारशी जागा मिळाली नाही.

कात्रीचं दुसरं पातं आपल्याच बाजूने येतंय. चांगथांगमध्ये पांग इथे सौर आणि पवन मिळून १३ गिगावॅटचा प्रकल्प उभा राहायचा आहे. विजेला माझा विरोध नाही. पण सपाट दिसणारी ती जमीन रिकामी आहे असं मुंबई-दिल्लीत बसून ठरवता येत नाही. आमच्या माणदेशातली गायरानं अशाच हिशेबाने गेली आणि कोकणात मेंढरं घेऊन उतरणाऱ्या धनगराला आता रस्त्याच्या कडेची चराईसुद्धा पुरत नाही. २०१९ मध्ये लडाख केंद्रशासित झाला, विधानसभा मिळाली नाही. जमिनीवर कुणाचा हक्क, या एका प्रश्नावर लेहचे बौद्ध आणि कारगिलचे शिया नेते जुना बहिष्कार विसरून एकत्र आले आणि आदिवासी भागांना स्वतःचा कारभार देणाऱ्या राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीचं संरक्षण मागू लागले. २४ सप्टेंबर २०२५ रोजी लेहमध्ये आंदोलन चिघळलं, गोळीबारात चार जण गेले. त्यातला एक कारगिल युद्धात लढलेला माजी सैनिक होता. जाळपोळीचं समर्थन कुणी करू नये. पण त्या लोकांना देशविरोधी ठरवणारे मथळे वाचून एक माजी सैनिक म्हणून मला त्रास झाला.

जाता जाता पुतळ्याबद्दल. २६ डिसेंबर २०२४ रोजी पँगाँगच्या काठी सुमारे १४,३०० फुटांवर शिवछत्रपतींचा पुतळा बसला, मराठा म्हणून माझीही छाती फुगली. स्थानिकांना विचारलं होतं का, असा प्रश्न चुशुलच्या लोकप्रतिनिधीने केला, तोही मला रास्त वाटला. चिपळूणच्या छावणीतल्या लष्कराला रयतेच्या दाण्याला, गवताला हात लावू नका असं बजावणाऱ्या राजाचा तो पुतळा आहे. गवताचा हक्क सांगणाऱ्या माणसावर महाराज रागावले नसते.

दरवर्षी एप्रिल-मेमध्ये आपल्या पुरवणीत लडाख सहलींच्या जाहिराती येतात. यंदा त्याच अंकात चुशुल ते देमचोक पट्ट्यातल्या हिवाळी कुरणांचा नकाशा छापावा: कुठली कुरणं चालू आहेत, कुठली बंद, आणि कधीपासून. आपला वार्ताहर पाठवायचा तर जानेवारीत पाठवा. उन्हाळ्यात कुणीही जातं.

आपला,
एक निवृत्त सैनिक
ता. माण, जि. सातारा