मावशींच्या बोटात सुई गेली त्या रात्रीबद्दल, आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

मी एका सरकारी दवाखान्यात कॅज्युअल्टीला स्टाफ नर्स आहे, 11 वर्षं झाली. नाव लिहीत नाही कारण नोकरी करायचीय, पण जे लिहितेय ते डोळ्यांसमोर घडलेलं आहे.

रात्री अडीचला हायवेवरचा ॲक्सिडेंट आला, एकदम 4 पेशंट, आम्ही दोन सिस्टर आणि एक डॉक्टर. एकाला कॅन्युला लावतोय, दुसऱ्याचं डोकं दाबून धरलंय, नातेवाईक अंगावर येतायत, आणि त्या धावपळीत एक वापरलेली सुई सुयांच्या पांढऱ्या डब्यात न जाता कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत गेली. कुणाच्या हातून ते माहीत नाही, माझ्याही हातून गेली असेल. डबा होता की, पण तो ड्रेसिंग टेबलपाशी, बेडपासून लांब. पहाटे सफाईच्या मावशी पिशवी बांधायला गेल्या आणि सुई ग्लोव्हजमधून सरळ बोटात. ग्लोव्हज तरी कुठले, तपासणीचे पातळ, जाड रबरी मोजे स्टोअरला शिल्लकच नव्हते. मावशींनी सवयीने बोट तोंडात घातलं, मी ओरडले तेव्हा बाहेर काढलं, मग नळाखाली साबणाने धुतलं.

4 पेशंटपैकी सुई कुणाची हे कळायला मार्ग नाही. म्हणजे पीईपीची, एचआयव्हीची लागण टाळायची गोळी द्यायलाच हवी, पहिला डोस शक्यतो 2 तासांत, उशिरात उशिरा 72 तासांच्या आत, पुढे 28 दिवस. गोळ्या आमच्याच बिल्डिंगमध्ये होत्या, पण एआरटी सेंटरच्या, म्हणजे एचआयव्हीची औषधं देतात तिथल्या कपाटात, आणि किल्लीवाले सकाळी येणार. साडेनऊपर्यंत त्या माऊली बाकड्यावर बसून होत्या, मला दर पाच मिनिटांनी विचारायच्या, सिस्टर, काय होईल हो मला?

खरं सांगायचं तर मला एचआयव्हीपेक्षा हिपॅटायटिस बीची जास्त भीती वाटत होती. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई लागली तर हजारात साधारण तिघांना लागण होते, पण हिपॅटायटिस बी असेल आणि लस घेतलेली नसेल तर धोका शंभरात 30 पर्यंत जातो. आणि त्याला लस आहे साहेब! 3 डोस, सहा महिन्यांत पूर्ण. मावशी 6 वर्षं आमच्याकडे काम करतात, एकही डोस झालेला नाही, कारण त्या कंत्राटी. दवाखाना म्हणतो ठेकेदाराने द्यावी, ठेकेदार म्हणतो दवाखान्याने. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत स्पष्ट आहे की हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची, ती जबाबदारी रुग्णालयाची. पगार कोण देतं असं तिथे कुठे विचारलंय? हिपॅटायटिस बीविरुद्ध तयार अँटीबॉडी देणारं इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन शेवटी बाहेरून आणलं, पैसे आम्ही वर्गणी काढून भरले.

वॉर्डात पेशंट जातो तेव्हा निदान फाईल असते, रिपोर्ट असतात. आमच्याकडे येणाऱ्याच्या कपाळावर काही लिहिलेलं नसतं, म्हणून प्रत्येकाचं रक्त संसर्गाचं आहे असंच धरून काम करायचं असतं, आणि खोकत आलेल्याला आधी मास्क देऊन खिडकीजवळ बसवायचं. हे आम्हाला माहितीये, ट्रेनिंग झालंय. पण रात्री 12 नंतर मास्कचा खोकाच रिकामा असेल तर ट्रेनिंग काय करणार?

म्हणून मागते. पीईपीचा पहिला डोस प्रत्येक कॅज्युअल्टीच्या इमर्जन्सी ट्रेमध्ये ठेवा, किल्ली ड्युटीवरच्या सिस्टरकडे. प्रत्येक बेडला नीडल कटर आणि सुयांचा डबा. लस सगळ्यांना, मावशी, मामा, 108 वरची पोरं, शिकाऊ विद्यार्थी, आणि डोस झाल्यावर टायटर, म्हणजे लस अंगी लागली का ते रक्तातून, तपासून. अजून एक, सुई लागली असं सांगितलं की आधी विचारतात निष्काळजीपणा का केला, मेमो येतो, त्यामुळे नवीन पोरी लपवतात, घरी जाऊन रडतात आणि तपासणी करतच नाहीत. सुई लागल्याची नोंद केली म्हणून कुणालाही मेमो द्यायचा नाही, असं एक परिपत्रक काढा, त्याला बजेट पण लागत नाही.

मावशींचे 28 दिवस झाले, मळमळ होत होती तरी एक गोळी चुकवली नाही. 3 महिन्यांची तपासणी पुढच्या मंगळवारी आहे. घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही त्यांनी, म्हणून सोबत मी जाणार आहे.

आपली,
कॅज्युअल्टीतली एक सिस्टर